पोरीच्या वजनाचा तांदूळ

पडदा वर जातो तेव्हा समोर ठाण्याची कचेरी दिसते. बाहेर वडाखाली दोन-तीन बैलगाड्या सोडलेल्या आहेत. ओट्यावर अर्ज लिहिणारे कारकून दौती मांडून गिऱ्हाइकाची वाट पाहत बसले आहेत आणि मासुंद्याच्या तळ्यावरून येणारा वारा त्यांचे कागद उडवायला टपलेला आहे. राणीच्या राज्यातली ही गोष्ट. आगगाडी येऊन एक पिढी उलटली होती, पण खाडीकाठच्या माणसांची खरी वाट अजून भरती-ओहोटीच्याच हातात होती. फार गोड दिवस होते ते, असे म्हणायची रीत आहे. हवा गोड होती, पाणी गोड होते, माणसे मात्र आत्तासारखीच होती.

डाव्या अंगाने सगुणा येते. डोंबिवलीजवळच्या कोपर गावाहून भावाच्या होडीत बसून ती ओहोटीबरोबर ठाण्याला उतरली आहे. लुगड्याचा काठ गुडघ्यापर्यंत भिजलेला, अंगठ्याच्या भेगांत खाडीचा चिखल. बोटाला सहा-सात वर्षांची पोर, यमी. पोर इकडेतिकडे पाहते आहे, आई नाकासमोर.

उजव्या अंगाने चांगाशेट मढवी येतो. चांगाशेट म्हणजे यमीचा बाप, सगुणेचा नवरा, आणि बाळकुमाखालच्या खाडीवर सगळ्यांत मोठ्या मिठागराचा मालक. पण आज त्याचे सोंग काय वर्णावे. फाटके धोतर, तेही कुणा मजुराचे मागून आणलेले असावे, कारण कंबरेला पुरत नव्हते. डोक्यावर मुंडासे नाही. दाढी चार दिवसांची. आणि दर पाचव्या पावलाला खोकला. खोकल्याचे एक शास्त्र असते. खरा खोकला माणसाला गाठतो, खोटा खोकला माणूस शोधून आणतो. चांगाशेट आधी कोण पाहते आहे ते बघे आणि मग खोके. कुठल्याही नाटकमंडळीने असल्या नटाला पडदा ओढायलासुद्धा ठेवला नसता.

सगुणेने त्याच्याकडे एकदा पाहिले आणि तोंड फिरवले. तिला राग आला नाही, किळस आली. पडवीत मेलेला उंदीर दिसला की येते तशी.

या माणसाबरोबर तिने दहा वर्षे संसार केला होता. लग्न झाले तेव्हा चांगाकडे होता खाजणाच्या खाऱ्या जमिनीचा एक तुकडा आणि एक मोडका फळा. खाडीचे पाणी वाफ्यांत घ्यायचे, उन्हाने आटू द्यायचे, आणि खाली पांढरे धरले की लाकडी फळ्याने ओढून ढीग लावायचा, एवढाच तो धंदा. सांगायला एवढाच. करायला पायांची सालटी जातात. सगुणेची गेली. दोघांनी मिळून तुकड्याचे आगर केले, आगराच्या जोरावर दोन मचवे घेतले. मीठ भरून मचवे मुंबईला जात, येताना कल्याणच्या पेठेतला तांदूळ आणत. चांगाचा चांगाशेट झाला. आणि शेट झाल्यावर त्याला सगुणेचे पाय दिसायला लागले. भेगाळलेले, काळे पाय. कळव्याची द्वारकी नावाची एक विधवा होती, अंगावर सोने होते, पाय मऊ होते. तिच्याशी त्याने पाट लावला आणि सगुणेला पोरीसकट भावाच्या दारात सोडले. सोडायलाही स्वतः गेला नाही, गडी पाठवला.

सगुणा आधी जातीच्या पंचांकडे गेली होती. पंचांत मुख्य काळुराम पाटील. काळुरामाने तंबाखू मळली, आभाळाकडे पाहिले आणि सांगितले, "चांगाशेट बोलतो त्याच्याकडं काय नाय. नाय त्याचेकडून काय घ्यावाचा?" त्या वर्षी काळुरामाच्या मुलाचे लग्न होते आणि वऱ्हाड चांगाशेटच्या मचव्यातून जायचे होते, एवढे सांगितले म्हणजे पुरे. तेव्हा कुणीतरी तिला म्हणाले की सरकारात असा कायदा आहे, बापाला पोर पोसावीच लागते, नाही पोसली तर मॅजिस्ट्रेट पोसायला लावतो. म्हणून ती ठाण्याला आली होती.

कोर्टात ठाण्याचे मॅजिस्ट्रेट रावसाहेब बसले होते. माणूस शांत, चष्म्याच्या वरून पाहणारा. दाराशी बाळकुमाची निम्मी माणसे दाटली होती, काळुराम पाटीलसुद्धा. फुकटचा खेळ कोण सोडतो?

"बाई, तुला स्वतःला काय हवं?" रावसाहेबांनी विचारले.

"मना काय नको. माजे हात हायेत. पोरीचा बोला."

"पोरीला महिन्याला किती हवं?"

सगुणेने विचार केला. "तो खातो त्यातला."

कारकून हसला. रावसाहेब हसले नाहीत. "कोर्टाला आकडा लागतो, बाई. बापाची मिळकत कळल्याशिवाय आकडा कुठून काढू?"

चांगाशेटचे वकील उभे राहिले. गोपीनाथराव त्यांचे नाव. माणूस हुशार आणि मनाने वाईट नव्हे, फक्त पक्षकार कोणता मिळेल ते त्यांच्या हातात नव्हते. ते म्हणाले, "मिठागराचा मालक म्हणजे श्रीमंत, हा लोकांचा भ्रम आहे, रावसाहेब. पाऊस चार दिवस आधी आला की ढीग गेले पाण्यात. त्यात सरकारचा कर, मजुरी, ढीग शाकारायला गवत. बांध फुटला तर बांध."

"बांध दर वर्षी फुटतो?"

"फुटू नये म्हणून दर वर्षी खर्च होतो."

"मचवे आहेत म्हणे दोन."

"ते यांच्या कळव्याच्या मेव्हण्याच्या नावावर आहेत."

"कधीपासून?"

गोपीनाथरावांनी कागद चाळले. "अलीकडेच."

"आणि बसायची दमणी?"

"आगराच्या कामाची."

"बैलांच्या शिंगांना पितळेची टोपणं आहेत, असं बाईच्या अर्जात लिहिलंय."

"तीसुद्धा," गोपीनाथराव जरा हळू म्हणाले, "आगराच्याच कामाची."

दाराशी खसखस पिकली. सगुणा हसली नाही. ती ऐकत होती आणि तिच्या ध्यानात येत होते की या माणसाने संसारातली एकेक वस्तू उचलून आगराच्या पोटात लपवली आहे. जेवण आगराचे, दमणी आगराची, द्वारकीच्या पाटल्याही बहुधा आगराच्याच. आणि आगराकडे विचारायला जावे तर आगर तोट्यात. म्हणजे चांगाशेट राजासारखा जगत होता आणि त्याच्यापाशी दिडकी नव्हती. तिला वाटले, उद्या हा सांगेल की माझे पोटसुद्धा माझे नाही.

तो सांगणारच होता, पण जरा वेगळे.

रावसाहेब त्याच्याकडे वळले. "तुम्ही बोला. तुमच्या घरची चूल कशावर पेटते?"

वकिलांनी पढवून ठेवले होते की आगर गहाण आहे एवढेच म्हणायचे आणि गप्प बसायचे. पण दाराशी सगळा गाव उभा. चांगाशेट आधी खोकला, मग डोळे पुसले, मग हात जोडून त्याने आवाज असा काही लावला की छपरावरचे कबुतर उडाले.

"रावसायेब, आगर माजा नाय. आगर गावदेवीचा हाय. मी तिचा चाकर. ती पेज दील तं जेवतो, नाय दील तं पानी पिऊन निजतो."

गोपीनाथरावांनी मान वळवून त्याच्याकडे पाहिले. हे वाक्य त्यांच्या संहितेत नव्हते.

इथे थांबला असता तरी निभावले असते. पण वाईट नटाला थांबता येत नाही. त्याने कनवटीची गाठ सोडली. सकाळी गावदेवीला नारळ फोडून निघताना पुजाऱ्याने दिलेला भंडारा तिथे होता. ती हळद त्याने उजव्या तळहातावर घेतली, हात वर केला, म्हणाला, "हा बग, भंडारा उचलून सांगतो. आगर देवीचा. माजा खोटा असंल तं माजे हात झडतील." आणि ती कपाळाला लावली.

दाराशी एकदम शांतता झाली. बायांनी नकळत हात कपाळाला नेले. चांगाशेटला वाटले, ही शांतता म्हणजे टाळीच. त्याने मोठ्या समाधानाने डोळे मिटले. सरकारापुढे खोटे बोलणे त्याला पान खाण्यासारखे होते. त्याच्या लेखी सरकार म्हणजे गोऱ्यांचे, त्यांच्या पुस्तकावरची शपथ त्यांची त्यांना लखलाभ. पण हळद गावाची होती. मुंबईच्या शेटजीने, पुण्याच्या पंताने ही चूक केली नसती. खाडीकाठचा माणूसच ती करणार, कारण त्याच्याच गावात हळदीला अजून वजन होते.

रावसाहेबांनी जबानी लिहून घेतली. "देवीचा चाकर. ठीक आहे. मग चाकराच्या कमाईवर हुकूम. पोरीसाठी महिना एक रुपया."

चांगाशेट बाहेर पडला तो खोकला आतच विसरून. सगुणा पोरीला घेऊन वडाखाली उभी होती. काळुराम पाटील तिच्या जवळून जाताना थबकला. मचव्यातून वऱ्हाड नेऊन झाले होते, चांगाशेटची गरज संपली होती.

"सगुणे, ऐकलास ना, काय बोलला तो?"

"सगल्या गावान ऐकला," सगुणा म्हणाली.

मंगळवारी ती गावदेवीच्या पारावर गेली. पंच बसले होते, चांगाशेटही होता, स्वच्छ धोतरात. सगुणा कुणाच्या पाया पडली नाही. तिने एवढेच विचारले, "आगर देवीचा, तं देवी या गावची ना? तिचे आगराचा हिसाब गाव बगील का चाकर बगील?"

काळुरामाच्या डोळ्यांत जी चमक आली तिला न्यायबुद्धी म्हणायचे असेल त्याने खुशाल म्हणावे. इतकी वर्षे ज्या आगराकडे सगळा गाव लांबून पाहत होता ते आगर मालकाने स्वतः हळद उचलून गावाच्या पदरात टाकले होते. पंचांना सगुणेची दया आली असे कुणी समजू नये. दया आधी यायची होती, तेव्हा ती वाट चुकली. आता देवीची भक्ती मात्र एकाएकी सगळ्यांना आठवली. ठरले की आगर देवीचे, कारभार गावाचा, चांगाशेटने आजवर केले तसे काम करावे आणि चाकर म्हणून वाटा घ्यावा.

चांगाशेट हसला, मग पाहिले की कुणी हसत नाही. "अरं, कोर्टातला बोलना तो. तुमी काय येडे झाले का?"

"हलद कोर्टाची होती का?" एका म्हाताऱ्याने विचारले.

दुसऱ्या दिवशी तो ठाण्याला गोपीनाथरावांच्या बैठकीत धावला. वकिलांनी त्याचे सगळे ऐकून घेतले.

"मी गहाण म्हणा म्हटलं होतं," ते म्हणाले. "देवी कुठून काढलीत?"

"लोक बगत होते, वकीलसायेब."

"लोक बघत होते म्हणून माणूस आगर देऊन टाकतो?"

"आता सांगतो ना रावसायबांना, आगर माजाच हाय."

"सांगा. मग खोटी जबानी दिल्याबद्दल तुरुंग. आणि सुटून आलात की गावात हळद मोडल्याबद्दल वाळीत. दोन्हीकडं जाऊन यायचं असेल तर माझी फी वेगळी."

चांगाशेट उठला. बाहेर येऊन तो खोकला. या वेळचा खोकला बरा होता.

इकडे पारावर प्रश्न उरला पोरीचा. देवीच्या आगरातून पहिला खर्च तिचा, आणि तो चाकराच्या वाट्यातून वळता करायचा, हे पंचांनी कबूल केले, कारण कबूल न करण्यासारखे काही नव्हते. पण किती? एक म्हणाला मापटे रोजचे. दुसरा म्हणाला, पोर केवढीशी, मापटे कशाला. तिसऱ्याने आपली सून काय खाते ते सांगायला सुरुवात केली. सगुणा दोन पावले पुढे आली.

मग ती म्हणाली, "नवस फेडाला पोरांना गुलान तोलतात ना? माजे पोरीला तांदलान तोला. दर पुनवेला, आगरावर. तिथं तराजू हायच."

पंच एकमेकांकडे पाहू लागले.

"पोर वाढल तसा तांदूल वाढल," ती म्हणाली. "परत परत तुमचे दारात येवाला नको."

"आन पोर सुकली तं?" म्हाताऱ्याने विचारले.

"तं माज्या हातान सुकली. कमी द्या."

पंचांनी तसेच ठरवून टाकले. रावसाहेबांना जो आकडा सापडला नाही तो एका अडाणी बाईने तराजूत घातला, असे पुढे गोपीनाथराव स्वतःच लोकांना सांगत. त्यांचा मोठेपणा म्हणायचा. जिंकून हरलेली केस इतक्या चवीने सांगणारा वकील दुर्मिळच.

पहिल्या पुनवेला सगळा गाव आगरावर. मिठाच्या ढिगांच्या मधे लाकडी तिकाटण्याला मोठा तराजू टांगलेला, मिठाची पोती तोलायचा. एका पारड्यात यमी मांडी घालून बसली. दुसऱ्यात चांगाशेटने तांदूळ ओतायचा. बापाने स्वतः ओतायचा, हेही पंचांनी ठरवले होते, बहुधा मजा म्हणून.

त्याने पहिले पोते सोडले. सगुणा पुढे आली, मूठभर तांदूळ उचलला, बोटांतून खाली सोडला. निम्मी कणी, निम्मे खडे, आणि वास असा की कोंबडीनेही दोनदा विचार करावा.

"हा तुमचे घरी शिजतो?"

"शिजतो मंग. आमी काय राजे लागलो?"

आगराच्या कडेला झोपडीच्या दारात द्वारकी उभी होती. सवतीचे भांडण बघायला आलेली, असे सगळ्यांना वाटले होते. ती तिथूनच म्हणाली, "आमचे घरी जिरेसाल शिजतो. मीच शिजवते. त्याला दुसरा उतरत नाय."

चांगाशेटने तिच्याकडे असे पाहिले की दुसरी एखादी बाई आत पळाली असती. द्वारकी पळाली नाही. अंगावरचे सोने तिने आधीच आपल्या भावाच्या पेटीत नेऊन ठेवले होते. ती शहाणी बाई होती आणि आपल्या नवऱ्याला तिने आतापर्यंत ओळखले होते. आज सगुणेची पोर त्या पारड्यात, उद्या आपलेही पोर बसेल, हे तिला दिसत होते.

कणीचे पोते बाजूला झाले. जिरेसाळ आला. पारडे खाली येत गेले, काटा सरळ व्हायला आला, तेवढ्यात काळुराम पाटलाने काठी पुढे केली. "शेट, बोट काड."

चांगाशेटचे बोट तांदळाच्या पारड्यावर होते. मीठ विकताना जिथे असायचे तिथेच, सवयीने. लोक पोट धरधरून हसले. यमी पारड्यात वर-खाली होत होती, तिला वाटले हा झोपाळाच आहे, तीही हसली. बापाने बोट काढले. लेकीच्या घासावरून बोट काढायला ज्याला पाटलाची काठी लागते त्याच्याबद्दल आणखी काय लिहायचे.

अशा पुनवा येत गेल्या. सगुणा कोपरला भावाच्या शेतात राबे, पुनवेला होडीने येई, तांदूळ घेऊन जाई. रुपया तिने कोर्टातून कधी आणला नाही. चांगाशेटशी ती एक अक्षर बोलत नसे. तो मात्र बोले. "काय खाते ही पोर? म्हैस झाली नुसती," असे तो लोकांना सांगे, आणि लोक म्हणत, "आईच्या हातची हाय."

एका पावसाळ्यानंतर यमी तापातून उठली. गाल बसलेले, मानेची हाडे वर आलेली. त्या पुनवेला पारडे लवकर उचलले गेले. थोड्याच तांदळात काटा सरळ झाला आणि चांगाशेट हसला. मोठ्याने नव्हे, मिशीत. पण सगुणेने पाहिले. पोर मरता मरता वाचली होती आणि बापाचे शेरभर वाचले होते. तिने तांदूळ कमी झाल्याची तक्रार केली नाही. शब्द तिचाच होता. पोरीला कडेवर घेऊन ती होडीत जाऊन बसली. दुसऱ्या दिवशी कळव्याकडचा एक होडीवाला कोपरला येऊन तांदळाची एक गठडी देऊन गेला, कुणी दिली ते न सांगता. सगुणेने ती ठेवून घेतली. द्वारकीचे नाव तिने कधी वाईट घेतले नाही, त्या दिवसापासून तर मुळीच नाही.

आगर पुन्हा चांगाशेटचे झाले नाही. देवळावर कौले चढली, काळुराम पाटलाच्या काठीला चांदीची मूठ आली. ती मूठ देवीने मागितली असेल असे वाटत नाही. चांगाशेट चाकराच्या वाट्यावर जगत राहिला, बरा जगत राहिला. गावात त्याला शेट म्हणत ते मात्र आता हसून.

यमीचे लग्न कोपरला मामाच्या मांडवात झाले. हळद लागली होती, धवलारीण गाणी म्हणत होती, पाहुणे कल्याणहून, ठाण्याहून होड्या भरभरून आले होते. तेवढ्यात चांगाशेट आला. नवे मुंडासे, नवे उपरणे, अंगाला अत्तर. बोलावले होते की नाही ते कुणालाच माहीत नव्हते. तो थेट सगुणेपुढे जाऊन उभा राहिला. धवलारणीने गाणे मधेच सोडले.

"पोरीचा हात मी दीन," तो म्हणाला. "बाप हाय मी. इतकी वर्सा मीच पोसली ना तिला? अख्खा गाव साक्ष हाय, पुनवेगनिक माज्या हातान तांदूल घातला."

सगळा मांडव सगुणेकडे पाहू लागला. त्या पहिल्या पुनवेनंतर ती त्याच्याशी बोलली नव्हती. तिने त्याच्या मुंडाशाकडे पाहिले, मग वाढायला निघालेल्या बायांकडे, मग मांडलेल्या पत्रावळींकडे. भाऊ पुढे व्हायला लागला, त्याला तिने हाताने थांबवले. चांगाशेटने छाती जरा पुढे काढली.

"मांगच्या पंगतीला गड्यांत बस," सगुणा म्हणाली. "पयली पावन्यांची हाय."